“मला जमतच नाही” हे मुलं शिकतात कुठून?

दहावीचा निकाल लागतो त्या दिवशी एकाच चाळीत दोन तऱ्हेची वाक्यं ऐकू येतात. गणितात चांगले गुण पडलेला मुलगा म्हणतो, “मला गणित येतंच.” तितकेच गुण मिळवलेली मुलगी म्हणते, “पेपर सोपा होता, आणि घोकलंही खूप होतं.” गुण कमी पडले की हे उलटतं. मुलगा म्हणतो, “अभ्यासच कुठे केला होता!” मुलगी म्हणते, “मला गणित जमतच नाही.” गुण सारखे, पण त्यांचा लावलेला अर्थ निराळा. आणि पुढच्या वर्षी वही उघडायची की नाही हे गुणांपेक्षा त्या अर्थावर जास्त ठरतं.

आरोग्याच्या पानावर हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. बारा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींच्या ज्या तक्रारी घेऊन पालक दवाखान्यात येतात त्या आठवून पाहा. परीक्षा जवळ आली की पोटात दुखणं, डोकं धरणं, रात्री झोप न लागणं, सकाळी शाळेला जायच्या वेळी उलटी. तपासण्या केल्या तर पुष्कळदा काही सापडत नाही. यामागे अनेक कारणं असतात, पण एक वारंवार दिसतं : आपण काही केलं तरी फरक पडणार नाही, ही मनात बसलेली समजूत.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ज्युलियन रॉटर यांनी १९६६ साली ही समजूत मोजण्याची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. माझ्या आयुष्यात जे घडतं त्याची सूत्रं माझ्या हातात आहेत की माझ्या बाहेर, एवढाच तिचा गाभा. पुढे १९७३ मध्ये हॅना लेव्हनसन यांनी त्यात एक महत्त्वाची फोड केली. ‘बाहेर’ म्हणजे एकच गोष्ट नव्हे. नशिबावर भरवसा ठेवणारा माणूस वेगळा आणि ‘माझं भवितव्य वजनदार माणसांच्या हातात आहे’ असं म्हणणारा वेगळा. आपल्या समाजाच्या दृष्टीने ही फोड फार मोलाची आहे. तिच्याकडे पुढे येऊच.

बर्नार्ड वायनर यांनी हीच गोष्ट परीक्षेच्या निकालाला लावली. यशापयशाची कारणं माणूस साधारण चार ठिकाणी शोधतो : बुद्धी, मेहनत, पेपरची काठिण्यपातळी आणि नशीब. यातली मेहनत बदलता येते. बुद्धी मात्र मुलांना जन्मतःच ठरलेली वाटते. म्हणून अपयशाचं खापर बुद्धीवर फोडणारं मूल प्रयत्न सोडतं, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच असतं. जे बदलणारच नाही त्यासाठी रात्र कोण जागवेल?

मुलींच्या वाट्याला हे जास्त का येतं?

मुलींचा मेंदू गणितासाठी बनलेला नाही, हे अजूनही सुशिक्षित घरांतून ऐकू येतं. कधी हसत, कधी काळजीने. पुरावा मात्र तसं सांगत नाही. जॅनेट हाइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली अमेरिकेतल्या दहा राज्यांमधल्या सत्तर लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे गणिताचे निकाल तपासले. दुसरी ते अकरावीपर्यंत मुलामुलींच्या सरासरीत म्हणावा असा फरक आढळला नाही. आपल्याकडे तर दहावीच्या निकालात उत्तीर्ण होण्याचं प्रमाण मुलींचंच जास्त असतं. २०२५ मध्ये राज्यात ९६ टक्क्यांहून अधिक मुली उत्तीर्ण झाल्या, मुलं ९२ टक्क्यांच्या थोडं वर.

तरीही मुलींचा स्वतःवरचा विश्वास तेवढा नसतो. पंधरा वर्षांच्या मुलांची जी आंतरराष्ट्रीय ‘पिसा’ चाचणी होते, तिच्या २०१२ च्या फेरीत असं दिसलं की गणितात बरोबरीची कामगिरी करणाऱ्या मुलामुलींमध्येही मुलींना गणिताची धास्ती जास्त वाटते. ही धास्ती पंधराव्या वर्षी अचानक उगवत नाही. २०१७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात लिन बियान, सारा-जेन लेस्ली आणि आंद्रेई सिंपियन यांचा अभ्यास आला. पाच वर्षांची मुलं आणि मुली दोघंही ‘खूप हुशार’ माणूस आपल्यासारखाच, म्हणजे मुलगा मुलाला आणि मुलगी मुलीला, असं मानत होते. सहाव्या-सातव्या वर्षी मुलींमध्ये हे प्रमाण घटलं. म्हणजे पहिली-दुसरीतच काहीतरी शिकून होतं, आणि ते पाठ्यपुस्तकात नसतं.

मग ते कुठून येतं? कॅरल ड्वेक यांच्या गटाने १९७८ साली चौथी-पाचवीच्या वर्गांत बसून शिक्षक कोणाला काय बोलतात हे टिपून ठेवलं. बोलणी मुलांनाच जास्त बसत होती. पण ती बहुतेक नीटनेटकेपणावर, दंग्यावर, लक्ष न देण्यावर होती. मुलींना बोलणी कमी, पण जी बसत ती बहुतेक उत्तर चुकलं म्हणून. परिणाम असा की मुलगा बोलणी मनावर घेत नाही, ‘सर नेहमीच ओरडतात’ म्हणून सोडून देतो. मुलीची वही मात्र स्वच्छ, अक्षर मोत्यासारखं, वागणं शहाण्यासारखं, आणि तरीही चूक निघाली. मग तिच्याजवळ एकच कारण उरतं : माझं डोकंच कमी. या अभ्यासाचा दुसरा भाग जास्त बोलका आहे. मुलींना मिळते तशी टीका संशोधकांनी मुद्दाम काही मुलांनाही दिली, तेव्हा मुलंही आपल्या बुद्धीवरच शंका घेऊ लागली. यात मुलगा-मुलगी असा फरकच नव्हता. फरक बोलण्याच्या पद्धतीत होता.

आपल्या घरात डोकावून पाहा. मुलाला आपण म्हणतो, “डोकं आहे पण बसत नाही हो अभ्यासाला.” मुलीला म्हणतो, “बिचारी किती कष्ट करते!” दोन्ही प्रेमानेच म्हणतो. पण पहिल्या वाक्यात बुद्धी गृहीत आहे, दुसऱ्यात ती नाही.

मुलांचं मात्र सगळं बरं चाललंय असं समजू नये. ‘येतं सगळं, फक्त अभ्यास करत नाही’ ही ढाल सातवी-आठवीपर्यंत टिकते. नववीत बीजगणित अंगावर येतं तेव्हा खरोखर अभ्यास करून नापास होण्याची भीती वाटू लागते, कारण मग ढाल उरत नाही. त्यापेक्षा अभ्यास न केलेला बरा. मुली “मला जमत नाही” म्हणतात तिथे मुलं “मला करायचंच नाही” म्हणतात, आणि आपण त्याला माज समजतो. पुढे नाक्यावर उभं राहणं, “शिकून तरी कुठे नोकरी लागते”, गुटख्याची पुडी. कित्येकदा हाही हताशपणाच असतो. तो रडत नाही, म्हणून आपल्याला ओळखता येत नाही.

आधी शरीर तपासा

मनाचा हिशेब मांडण्याआधी एक गोष्ट करायला हवी, आणि ती फार कमी घरांत होते. ‘डोकं चालत नाही’ असं म्हणणाऱ्या मुलीच्या अंगात रक्त किती आहे ते बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण ३१ टक्के होतं. रक्त कमी असलेल्या मुलीला दुपारच्या तासाला पेंग येते, वाचलेलं लक्षात राहत नाही, जिना चढताना धाप लागते. तिला कोणी सांगितलेलं नसतं की ही लोहाची कमतरता आहे. ती त्याचा अर्थ ‘मी मठ्ठ आहे’ असा लावते. शाळेत आणि अंगणवाडीत आठवड्याला एक लोहाची निळी गोळी मिळते. पुष्कळ मुली मळमळतं म्हणून ती दप्तरात टाकून देतात. रिकाम्या पोटी न घेता जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. चहा मात्र तिच्या आसपास नको. आशाताईंना विचारून प्राथमिक आरोग्य केंद्रात एचबीची तपासणी करून घ्या. रक्त फार कमी निघालं तर आठवड्याच्या गोळीवर भागत नाही, डॉक्टरांचे उपचार लागतात.

तसंच डोळ्यांचं. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून मागे पडणारी मुलं प्रत्येक शाळेत असतात. चष्मा लागला तर “मुलीला चष्मा लागला, आता स्थळं कशी यायची” हा विचार अजून संपलेला नाही, हे लिहावं लागतं याचंच वाईट वाटतं.

आणि झोप. तेरा ते अठरा वयात आठ ते दहा तास झोप लागते. आपल्या वस्त्यांमध्ये जयंतीच्या निमित्ताने अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात. वर्षातून एक दिवस अभिवादन म्हणून मुलं विहारात किंवा वाचनालयात एकत्र बसून वाचतात हे सुंदरच आहे. पण तेच रोजचं माप करून “बाबासाहेब अठरा तास बसायचे, तुला सहा तास होत नाहीत?” असं म्हटलं की प्रेरणेचं ओझं होतं. रात्री मेंदू दिवसाचं शिकलेलं पक्कं करतो. झोप तोडून केलेला अभ्यास टिकत नाही, गुण पडत नाहीत, आणि मूल पुन्हा त्याच निष्कर्षावर येतं. त्यात मुलीचा दिवस पाणी, भांडी, धाकट्या भावाची शाळा यांत निघून गेलेला असतो. तिच्या अभ्यासाचे तास मोजताना हे तास कुठे धरले जातात?

सूत्रं खरोखर कोणाच्या हातात?

इथे लेव्हनसनबाईंनी केलेली फोड कामी येते. आपल्याकडे गुणवंतांच्या सत्कारात वक्ते येतात आणि सांगतात, “सगळं तुमच्या हातात आहे, मनात आणलं तर काहीही अशक्य नाही.” टाळ्या पडतात. हे वाक्य अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्यामुळे नुकसान होतं. कारण ज्या मुलाने मनात आणूनही दार बंद सापडलं, त्याला हे वाक्य सांगतं की दोष तुझाच.

दार बंद असतं याला पुरावे आहेत. रीमा हन्ना आणि ली लिंडन यांनी भारतात एक प्रयोग केला, तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. मुलांच्या उत्तरपत्रिकांवर जात चिठ्ठ्या टाकल्यासारखी कशीही लिहून त्या शिक्षकांना तपासायला दिल्या. ‘खालची’ जात लिहिलेल्या पत्रिकेला, उत्तरं त्याच दर्जाची असतानाही, थोडे कमी गुण पडले. फरक लहान होता, पण होता.

याहून जिव्हारी लागणारा प्रयोग कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांचा. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांमधली ३२१ सवर्ण आणि ३२१ दलित मुलं, सहावी-सातवीची. त्यांना कागदावरचे भूलभुलैये सोडवायला दिले, सोडवाल तितके पैसे. कोणाची जात पुकारली नाही तेव्हा दोन्ही गटांची कामगिरी सारखी. नाव, गाव आणि जात सगळ्यांसमोर वाचून दाखवली तेव्हा दलित मुलांचे सुटलेले भूलभुलैये साधारण वीस-पंचवीस टक्क्यांनी घटले. पाच मिनिटांपूर्वी जे डोकं चालत होतं ते जात ऐकल्यावर बंद पडलं का? संशोधकांनी आणखी एक फेरी घेतली. तिथे पैसे कोणाला मिळणार हे माणसाने नव्हे, चिठ्ठीने ठरणार होतं. जात पुकारूनही या फेरीत फरक नाहीसा झाला. म्हणजे मुलं चिठ्ठीवर विश्वास ठेवायला तयार होती. निवाडा करणाऱ्या माणसावर नव्हती. ‘आपल्या कष्टाला इथे न्याय मिळणार नाही’ हा त्यांचा अंदाज होता, आणि बाराव्या वर्षापर्यंतच्या अनुभवातून काढलेला अंदाज मूर्खपणाचा म्हणता येत नाही.

मग मुलांना काय सांगायचं? सूत्रं तुझ्या हातात आहेत असं, की नाहीत असं?

अमेरिकेतल्या काळ्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासांनी याचं उत्तर साठ वर्षांपूर्वीच जवळपास दिलं आहे. १९६६ चा कोलमन अहवाल सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांवर आधारलेला होता. आपल्या भवितव्यावर आपला काही ताबा आहे, ही जाणीव काळ्या मुलांमध्ये गोऱ्यांपेक्षा कमी आढळली. पण ज्या काळ्या मुलांमध्ये ती होती, त्यांची शैक्षणिक कामगिरी ती नसलेल्या गोऱ्या मुलांहून सरस होती. तीन वर्षांनी, १९६९ मध्ये, पॅट्रिशिया गुरिन आणि सहकाऱ्यांनी हे आणखी उलगडलं. त्यांनी दोन प्रश्न वेगळे केले. एक : माझ्या प्रयत्नाने माझ्या आयुष्यात फरक पडतो का? दुसरा : काळे लोक मागे का, त्यांच्यात कमी आहे म्हणून की व्यवस्था अन्यायाची आहे म्हणून? पहिल्याला ‘हो’ म्हणणं अभ्यासाला उपयोगी ठरलं. पण दुसऱ्या प्रश्नात व्यवस्थेला दोष देणारे तरुण खचलेले नव्हते. उलट, रूढ वाट सोडून नव्या क्षेत्रात जाण्याची आकांक्षा आणि नागरी हक्कांच्या चळवळीतला सहभाग त्यांच्यातच जास्त होता. अन्याय ओळखल्याने मूल दुबळं होत नाही. अन्यायाची किंमत स्वतःच्या बुद्धीच्या खात्यात मांडल्याने होतं.

बाबासाहेबांच्या चरित्रातही हे दोन्ही पदर दिसतात. शाळेत संस्कृत शिकायला मिळालं नाही, म्हणून पर्शियन घ्यावं लागलं. संस्कृत ते पुढे स्वतःच्या कष्टाने शिकले. आणि १९१३ साली अमेरिकेला जाता आलं ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीमुळे. आपण मुलांना कष्टांची गोष्ट सांगतो, शिष्यवृत्तीची गाळतो. मग ज्यांना शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला कोणी सांगितलं नाही ती मुलं स्वतःलाच कमी समजतात.

नशिबाबद्दल एकच सांगतो. अंगुत्तर निकायातल्या तित्थ सुत्तात तीन मतं खोडली आहेत : सगळं पूर्वकर्माने घडतं, सगळं ईश्वराच्या इच्छेने घडतं, सगळं विनाकारण घडतं. कारण या तिन्हींमध्ये काय करावं आणि काय करू नये, यासाठी प्रयत्नाला जागाच उरत नाही. ‘माझ्या नशिबातच शिक्षण नाही’ म्हणणाऱ्या मुलीशी बोलताना हे आठवलं तर बरं.

व्यवस्था बदलली की मुलींच्या मनातलं चित्र बदलतं, याचा आपल्याच देशातला पुरावा पश्चिम बंगालमधला आहे. बीरभूम जिल्ह्यात ग्रामपंचायतींचं प्रमुखपद स्त्रियांसाठी आळीपाळीने राखीव होतं. लोरी बीमन, एस्थर डुफ्लो, रोहिणी पांडे आणि पेटिया टोपालोव्हा यांनी तिथल्या ४९५ गावांतल्या ११ ते १५ वयाच्या मुलामुलींचा अभ्यास केला. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे दोन वेळा स्त्री प्रमुख झाली होती, तिथे मुलामुलींच्या स्वतःबद्दलच्या आकांक्षांतली दरी ३२ टक्क्यांनी कमी झाली, शिक्षणातली दरी तर मिटली, आणि मुलींचा घरकामातला वेळही घटला. गावात नवी शाळा बांधली नव्हती. मुलींनी फक्त एक बाई खुर्चीत बसलेली रोज पाहिली होती. आरक्षणाने ‘गुणवत्ता’ घसरते म्हणणाऱ्यांना हा अभ्यास जरूर दाखवावा.

घरात करण्यासारखं

बाजारात सध्या ‘मानसिकता बदला, यश मिळवा’ छापाची शिबिरं भरपूर आहेत. पैसे भरण्याआधी एवढं लक्षात घ्या. बुद्धी वाढवता येते हे मुलांना समजावून सांगण्याचा मोठा प्रयोग अमेरिकेत नववीच्या मुलांवर झाला, २०१९ साली ‘नेचर’मध्ये आला. तासाभराहून कमी वेळाचा तो कार्यक्रम. मागे पडलेल्या मुलांच्या श्रेणीत चार गुणांच्या मापावर ०.१ इतकी सुधारणा झाली, तीही जिथे वर्गातलं वातावरण साथ देणारं होतं तिथे जास्त. उपयोग आहे, चमत्कार नाही. घरातलं रोजचं बोलणं फुकट आहे.

“किती हुशार आहेस!” याऐवजी “हे उदाहरण कसं सोडवलंस, मला सांग” असं विचारा. आईवडील शिकलेले नसले तरी हा प्रश्न विचारता येतो. गुण कमी पडले तर “अजून मेहनत कर” एवढ्यावर थांबू नका. मुलाने मेहनत केलेली असते आणि ती चुकीच्या पद्धतीने झालेली असते. नुसतं वाचत बसणं आणि पुस्तक मिटून स्वतःच लिहून पाहणं यात मोठा फरक आहे. तपासलेला पेपर समोर घ्या. कुठे चुकलं ते बघा : पायरी गाळली, वेळ पुरला नाही, की धडाच समजला नव्हता? “गणित जमत नाही” या अगडबंब वाक्याचे मग “अपूर्णांकांचा भागाकार जमत नाही” एवढे लहान तुकडे होतात, आणि अपूर्णांक वस्तीतला बारावीचा एखादा दादा किंवा ताई चार संध्याकाळी शिकवू शकते. वर्गात अन्याय झाला असं मूल म्हणालं तर “तुझंच चुकलं असेल” म्हणून गप्प करू नका. पालकसभेत जाऊन शांतपणे विचारा. आई किंवा बाबा आपल्यासाठी शाळेत प्रश्न विचारतात, हे मुलाने बघणंही महत्त्वाचं आहे.

सत्काराच्या कार्यक्रमात नव्वद टक्केवाल्यांच्या जोडीला नापास होऊन पुन्हा बसलेल्या आणि पास झालेल्या मुलामुलींनाही मंचावर बोलवा. कसं केलं ते त्यांनाच सांगू द्या.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल गप्प-गप्प राहत असेल, जेवण-झोप बिघडली असेल, आवडता खेळ किंवा मैत्रिणी सोडल्या असतील, वस्तू वाटून टाकत असेल किंवा “मी नसले तर बरं होईल” असं काही बोललं असेल, तर वाट बघू नका, रागावूही नका. सरळ विचारा, “जीव द्यावासा वाटतो का?” असं विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. मुलाला एकटं सोडू नका, घरातलं कीटकनाशक आणि औषधं हलवा, आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात घेऊन जा. ‘टेलिमानस’ ही शासनाची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते, मराठीतही बोलता येतं. मूल स्वतः फोन करू शकतं, किंवा त्याच्याबद्दल काळजी वाटणारं कोणीही. निकालाच्या आठवड्यात हा क्रमांक विहाराच्या फळ्यावर खडूने मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.